एका खेपेत किती ओळी

डेटाबेसला प्रश्न विचारला की उत्तर सगळं एकदम येत नाही. ते खेपाखेपांनी येतं. आधी थोड्या ओळी येतात, मग आणखी थोड्या. पडद्यावर तक्ता भरलेला दिसतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, झालं काम. तिकडे सर्व्हरवर मात्र उरलेलं उत्तर अर्धवट उघडं असतं आणि आपण खाली सरकलो तरच पुढची खेप निघते. एका खेपेत किती ओळी आणायच्या याचा एक आकडा असतो. आम्ही त्याला 'फेच साइज' म्हणतो. तो प्रत्येक हत्याराच्या सेटिंगमध्ये तीन-चार पायऱ्या आत उतरल्यावर कुठेतरी सापडतो, आणि तो न बघता अख्खी नोकरी काढलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं काही अडलंही नाही. ती सर्व्हरपासून जवळ बसत होती.

मी धाडला बसते.

धाड बुलढाणा तालुक्यात, घाटावर, जिल्ह्याच्या पश्चिम कडेला. इथून पुढे थोडं गेलं की भोकरदन तालुका लागतो, म्हणजे जालना जिल्हा, म्हणजे मराठवाडा. आमचा महसूल विभाग अमरावतीचा, उच्च न्यायालयाचं खंडपीठ नागपूरला, आणि मोठं शहर म्हणून माणसं धाव घेतात ती छत्रपती संभाजीनगरला, कारण ते या दोन्हींहून पुष्कळ जवळ आहे. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेलं आणि पलीकडचा मुलूख निजामाकडेच राहिला. तेव्हापासून आपली नोंद एकीकडे आणि आपला रोजचा व्यवहार दुसरीकडे, याची या भागाला सवय आहे. माझ्या कामाचंही तसंच झालं आहे. मी बसते माहेरच्या घरात, माडीवरच्या खोलीत. आणि ज्या ओळींवर मी काम करते त्या मुंबईच्या एका डेटा सेंटरमध्ये असतात.

त्या ओळी बियाण्यांच्या आहेत. जालन्यात १९६४ साली बद्रिनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली. पुढे तिथे बियाण्यांच्या धंद्याने मूळ धरलं आणि आजूबाजूच्या तालुक्यांतली शेतकरी कुटुंबं बीजोत्पादनाला लागली. देऊळगाव राजाच्या बाजूला गेलात तर पांढऱ्या शेडनेटखाली मिरची-टोमॅटोचं परागीकरण हातानं चाललेलं दिसेल. अशा कामाच्या नोंदी ठेवणारी एक प्रणाली आम्ही चालवतो. एका ओळीत एक लॉट: गाव, हंगाम, पीक, जात, नमुना घेतल्याची तारीख, उगवण टक्के, शुद्धता आणि तपासणाऱ्याचे शेरे. एका ओळीमागे कुणाचा तरी हंगाम उभा आहे, हे मला या गावात राहून विसरता येत नाही. लॉट नापास झाला तर तो कोणत्या घरात नापास झाला, याचा अंदाज येण्याइतकी गावं मला ओळखीची आहेत.

आता आकड्यांकडे येते. ऑरॅकल या डेटाबेसचा जावा ड्रायव्हर, म्हणजे जावा प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणारा दुवा, काही सांगितलं नाही तर, एका खेपेत १० ओळी आणतो. एसक्यूएल प्लस हे जुनं, नुसत्या अक्षरांचं हत्यार १५ आणतं. सांगितलं तर ५,००० पर्यंत आणतं. एसक्यूएल डेव्हलपर ५० आणतो. डीबीव्हर २००. पीजीअॅडमिन १,०००. मायएसक्यूएल वर्कबेंच आपल्या क्वेरीला, म्हणजे विचारलेल्या प्रश्नाला, स्वतःहून १,००० ओळींची मर्यादा जोडून देतं, म्हणजे ती मर्यादा काढेपर्यंत कितीही खाली सरकलं तरी पुढचं येत नाही. ही वेगळीच गोष्ट, पण पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. पोस्टग्रेसचा जावा ड्रायव्हर दुसऱ्या टोकाला आहे. त्याला काही सांगितलं नाही तर तो अख्खं उत्तर एका दमात आपल्या मेमरीत आणून ओततो. थोडं थोडं हवं असेल तर त्याला आकडाही द्यावा लागतो आणि ऑटोकमिट, म्हणजे प्रत्येक आज्ञा आपोआप पक्की करणं, तेही बंद ठेवावं लागतं.

काम एकच, आणि कुणी दहा म्हणतो, कुणी सगळं. यातला एकही आकडा आंधळेपणानं ठरवलेला नाही. प्रत्येकामागे कुणीतरी एक यंत्र, एक टेबल आणि एक अंतर मनात धरलेलं आहे. ते अंतर धाडचं नव्हतं, एवढंच मला म्हणायचं आहे. आणि म्हणून हा आकडा ज्याच्या त्याने, आपल्या जागेवरून, पुन्हा ठरवायला हवा असं मला कळकळीनं वाटतं.

हिशेब मांडून दाखवते, कारण तो मांडल्याशिवाय पटत नाही. माझ्या खोलीपासून मुंबईच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला साधारण ४० मिलिसेकंद लागतात, लाइन बरी असेल तेव्हा. प्रकाशाच्या गतीनं पाहिलं तर इतके लागायला नकोत. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. धाड ते मुंबई ४०० किलोमीटर धरलं तरी जाणं-येणं ४ मिलिसेकंदांत व्हायला हवं. पण वाट सरळ नसते. मोबाइलच्या टॉवरवर एक थांबा, तिथून कुठल्या तरी शहरातल्या यंत्रात, तिथून एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात, आणि प्रत्येक ठिकाणी आपल्याआधी आलेल्यांची रांग. त्यात कुठे रस्त्याच्या कामात केबल तुटली की वाट आणखी लांबून.

तर समजा मला १ लाख ओळी हव्या आहेत. खेपेला १० ओळी धरल्या तर १०,००० खेपा. प्रत्येकीला ४० मिलिसेकंद. एकूण ४०० सेकंद, म्हणजे साडेसहा मिनिटांहून जास्त, आणि हा सगळा वेळ नुसता वाटेवरचा. खेपेला ५० ओळी आणल्या तर २,००० खेपा, ८० सेकंद. ५०० आणल्या तर २०० खेपा, ८ सेकंद. ५,००० आणल्या तर २० खेपा, एका सेकंदाच्या आत. आता ओळींचं स्वतःचं वजनही आहेच. एक ओळ २०० बाइटची धरली तर लाख ओळींचे २ कोटी बाइट. सेकंदाला २० मेगाबिटच्या लाइनवरून ते यायला ८ सेकंद लागणारच, खेपा कितीही करा. म्हणजे १० वरून ५०० वर गेलं की साडेसहा मिनिटं वाचतात. ५०० वरून ५,००० वर गेलं की जेमतेम सात सेकंद. कुठे थांबायचं ते इथे दिसतं. मी माझ्या यंत्रावर ५०० च्या आसपास थांबले आहे.

आता हाच हिशेब सर्व्हरशेजारच्या खोलीत बसलेल्या माणसाचा करून बघा. त्याची खेप अर्ध्या मिलिसेकंदाची. त्याच्या १०,००० खेपा ५ सेकंदांत उरकतात. त्याला दहाचा आकडा कधी टोचणारच नाही. आणि तोच डेटाबेस अमेरिकेतल्या व्हर्जिनियात असला तर? वर्सोव्याला किंवा वरळीला समुद्रात उतरणाऱ्या केबलनं जाऊन ही खेप २५० मिलिसेकंदांची होते. १०,००० खेपांना ४१ मिनिटं. तीच क्वेरी, तेच टेबल, तोच आकडा. माणूस कुठे बसला आहे एवढाच फरक.

सर्व्हरलाही यात त्रास होतो, तो सहसा कुणी मोजत नाही. डेटाबेस ओळी सुट्या ठेवत नाही, ब्लॉकमध्ये ठेवतो. ऑरॅकलचा नेहमीचा ब्लॉक ८ केबीचा. २०० बाइटच्या चाळीसेक ओळी त्यात मावतात. खेपेला दहाच ओळी मागितल्या तर तोच ब्लॉक चारदा उघडावा लागतो. मागणारा लांब असो की जवळ, हा फुकटचा खटाटोप सर्व्हर करतच राहतो.

मग आकडा सरळ वाढवून का ठेवू नये, असं वाटणं साहजिक आहे. त्याला उत्तर आहे मेमरी. ऑरॅकलचे जुने जावा ड्रायव्हर, १२सी येण्याआधीचे, वेग वाढवण्यासाठी मेमरी आधीच राखून ठेवत, आणि तीही रकान्यात प्रत्यक्ष किती अक्षरं आहेत ते न बघता, जास्तीत जास्त किती असू शकतात ते धरून. ४,००० अक्षरांच्या रकान्याला अक्षरामागे दोन बाइट, म्हणजे ८ केबी. आमच्या टेबलात शेऱ्यांचे असे दहा रकाने आहेत असं धरा. एका ओळीला ८० केबी. ५,००० ओळींना ४०० एमबी, आणि शेऱ्यांत बहुतेक वेळा 'समाधानकारक' एवढा एकच शब्द. पुढच्या ड्रायव्हरांनी ही रीत सुधारली, पण जुनी प्रणाली जुन्या ड्रायव्हरवर वर्षानुवर्षं चालते आणि पुस्तकात वाचून ५,००० टाकणाऱ्याचा लॅपटॉप मान टाकतो. मायएसक्यूएलचा जावा ड्रायव्हरही मुळात सगळं उत्तर मेमरीत घेणारा. त्याला एकेक ओळ सोडायला लावायचं तर आकड्याच्या जागी एक खास उणे संख्या द्यावी लागते. हे असलं कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

खेपाखेपांनी येणाऱ्या उत्तराचा एक गुण मला फार आवडतो, आणि त्याविषयी बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. सकाळी नऊ वाजता मी क्वेरी चालवली, पहिल्या ५०० ओळी आल्या, आणि मी इतर कामाला लागले. दुपारपर्यंत तिकडे शंभर लॉटांच्या नोंदी बदलल्या. दुपारी तीनला मी खाली सरकले आणि पुढच्या ५०० ओळी आल्या. या ओळी कधीच्या? ऑरॅकलमध्ये त्या सकाळी नऊच्या. उत्तर ज्या क्षणी सुरू झालं त्या क्षणाचं चित्र तो शेवटच्या ओळीपर्यंत सांभाळतो. मधल्या काळात कुणी काही बदललं असेल तर जुनी प्रत शोधून काढून तीच हातात ठेवतो. अर्धं उत्तर सकाळचं आणि अर्धं दुपारचं असं तो कधी होऊ देत नाही. विचारणाऱ्याशी इतकं इमान राखणारी यंत्रणा कुणीतरी विचार करून, कष्टानं बांधली आहे, आणि ती रोज आमच्या नकळत काम करते.

या इमानालाही शेवट असतोच. जुन्या प्रती ठेवायची जागा संपली की तो सांगतो, एररचा क्रमांक ०१५५५, चित्र फार जुनं झालं. नवी मुलं तो वाचून घाबरतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. खोटं उत्तर देण्यापेक्षा 'आता जमत नाही' म्हणणं त्यानं पसंत केलेलं असतं. पोस्टग्रेसमध्ये उलट बाजूनं हाच प्रश्न येतो: कुणी अर्धवट उत्तर उघडं टाकून जेवायला गेलं की त्याच्यासाठी जुन्या ओळी धरून ठेवाव्या लागतात आणि टेबलाची झाडलोट अडते. म्हणून काम संपलं की उघडी क्वेरी बंद करणं हा शिष्टाचाराचा भाग आहे. आपल्या एका खिडकीपायी दुसऱ्यांचं काम जड होतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला घेतलं तिच्याकडे येते. पहिली खेप म्हणजे सगळं उत्तर, असं समजलं जातं. हे फार जणांचं होतं, आणि पडदाही तसा समज करून देतो. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, '५० ओळी आणल्या, ०.०३ सेकंद.' ती वेळ पहिल्या पन्नासांची. क्वेरी पुरी व्हायला किती लागेल हे त्यात नाही. आणि त्या पन्नास कोणत्या? क्रम सांगितला नसेल तर डेटाबेस कोणत्याही क्रमानं ओळी द्यायला मोकळा असतो. तो आपल्या सोयीनं, जे हाताशी ते देतो. व्यवहारात पुष्कळदा टेबलाच्या सुरुवातीला पडलेल्या, म्हणजे जुन्या ओळी आधी येतात.

माझा भाचा बुलढाण्याला डिप्लोमा करतो. सुट्टीत आला की माझ्या शेजारी बसतो, सरावाच्या डेटाबेसवर क्वेरी लिहितो. त्या डेटाबेसमध्ये नावं-गावं बदललेल्या नोंदी आहेत, त्यामुळे त्याला मोकळं सोडता येतं. एकदा म्हणाला, "आत्या, सगळ्या लॉटची उगवण भरेल हाये. एकबी रिकामी नाही."

"किती लॉट पाहिलेस?"

"आले तेवढे. पन्नास."

"आणि आहेत किती?"

त्यानं पडद्याच्या खालच्या कडेला पाहिलं, मग माझ्याकडे. मी त्याला काही समजावत बसले नाही. मे महिन्याची अखेर होती आणि खाली ओसरीत, घरची शेती बघणाऱ्या अण्णांचं नेमकं तेच काम चाललं होतं. मी त्याला खाली पाठवलं.

पेरणीच्या आधी घरच्या सोयाबीनची उगवण तपासायची, हे आता गावोगाव मुरलेलं आहे. कृषी खातं दर उन्हाळ्यात सांगतं, पण अण्णा खात्यानं सांगण्याची वाट बघत नाहीत. सोयाबीनचं टरफल पातळ. मळणीत, पोती आपटण्यात ते दुखावतं आणि दाणा वरून चांगला दिसूनही आतून गेलेला असतो. त्यामुळे शंभर दाणे मोजून घ्यायचे. गोणपाटाचा तुकडा ओला करून त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, वर दुसरा ओला तुकडा, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं. सहा-सात दिवसांनी उघडून कोंब मोजायचे. सत्तर निघाले तर बियाणं पेरणीजोगं, नेहमीच्या प्रमाणात. कमी निघाले तर बियाणं जास्त धरायचं, आणि फारच कमी निघाले तर पोतं बाजारात न्यायचं.

हे सगळं भाच्याला माहीत होतं, लहानपणापासून पाहिलेलं. त्यानं आजवर न पाहिलेलं एवढंच, की अण्णा ते शंभर दाणे कुठून घेतात. त्यांनी एका पोत्याचं तोंड उघडून ओंजळ भरली नाही. थप्पीतली चार-पाच पोती निवडली, वरचं एक, भिंतीकडचं एक, तळातलं एक. प्रत्येकात हात कोपरापर्यंत घालून मधून आणि खालून मूठ काढली, सगळं एका सुपात एकत्र केलं, हलवलं, आणि मग त्यातून न निवडता दाणे मोजले. भाच्यानं विचारलं तेव्हा म्हणाले, "वरचं वाळेल राहते. खाली ओल धरते. वरचंच पाह्यलं तं पेरल्यावर कळंल."

पहिल्या खेपेच्या ओळी म्हणजे पोत्याच्या तोंडाशी आलेले दाणे. त्या पाहायला हरकत नाही. रकाने कोणते आहेत, तारीख कशी लिहिली आहे, हे त्यातून कळतं. पण त्यांच्यावरून टेबलाबद्दल निवाडा करता येत नाही. भाचा वर येऊन बसला, आधी नुसती मोजणी केली, मग तारखेनं उलटा क्रम लावला. नव्या हंगामाच्या ओळी वर आल्या आणि उगवणीचा रकाना खालपर्यंत रिकामा दिसला. तपासणीचे निकाल अजून यायचेच होते.

मोजणी आधी, मग क्रम, मग खेप. त्याला मी एवढंच शिकवते.

हा खेपांचा प्रश्न आला कुठून, ते पाहिलं की गंमत वाटत नाही, आदर वाटतो. १९७० च्या जूनमध्ये ई. एफ. कॉड यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलेला निबंध प्रसिद्ध झाला. त्यांचं म्हणणं असं, की माहितीकडे एकेक नोंद म्हणून जाऊ नका, संच म्हणून जा. काय हवं ते सांगा. कसं शोधायचं ते यंत्राला ठरवू द्या. त्यातून पुढे एसक्यूएल आली. प्रश्न संचाचा, उत्तरही संचाचं. पण आपण लिहितो ते प्रोग्रॅम एकेक ओळ हातात घेऊन चालतात. डोळेही एकेक ओळ वाचतात. म्हणून संच आणि एकेक ओळ यांच्यामध्ये कर्सर आला, उत्तरातल्या एका जागेवर बोट ठेवून उभा असलेला. आणि कर्सर आला तशी खेप आली, खेप आली तसा तो आकडा आला. म्हणजे सेटिंगमधला हा लहानसा चौकोन कॉडच्या मोठ्या विचाराच्या आणि आपल्या लहान हाताच्या सांध्यावर बसला आहे.

या सांध्यावर महाराष्ट्रात फार मोलाचं काम झालं आहे, आणि ते आपल्याकडच्या मुलांना कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं. पवईच्या आयआयटीतले प्रा. एस. सुदर्शन यांचं नाव डेटाबेस शिकणाऱ्या प्रत्येकाला पाठ्यपुस्तकाच्या मुखपृष्ठावरून ठाऊक असतं. सिल्बरशाट्झ आणि कोर्थ यांच्याबरोबरचं ते पुस्तक जगभर शिकवलं जातं. त्यांनी आणि रवींद्र गुरवण्णवर यांनी २००८ मध्ये व्हीएलडीबी या डेटाबेसविषयक परिषदेत एक निबंध मांडला. विषय असा: प्रोग्रॅममध्ये एक लूप आहे आणि लूपच्या प्रत्येक फेरीत डेटाबेसला एक छोटा प्रश्न विचारला जातो. हजार फेऱ्या, हजार खेपा. तो प्रोग्रॅम आपोआप असा बदलता येईल का, की हजार प्रश्न आधी गोळा होतील आणि एकाच खेपेत विचारले जातील? त्याचे नियम त्यांनी घालून दिले. पुढे २०११ मध्ये महेंद्र चव्हाण, कार्तिक रामचंद्र यांच्यासह दुसरी वाट दाखवली: प्रश्न पाठवायचा आणि उत्तराची वाट बघत उभं न राहता पुढच्या कामाला लागायचं. त्या हत्याराचं नाव त्यांनी डीब्रिज ठेवलं. रामचंद्र नंतर मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. एकेक ओळ घेऊन चालणाऱ्या फंक्शनांना संचाच्या भाषेत वितळवण्याचं त्यांचं आणि सहकाऱ्यांचं काम एसक्यूएल सर्व्हर २०१९ मध्ये आलं. पवईच्या टेकडीपाशी मांडलेला खेपांचा विचार आज जगभरच्या कार्यालयांत चालतो.

मला त्या निबंधांतला लूपचा भाग सर्वांत जवळचा वाटतो. कारण फेच साइज मोठा केला तरी लूपमधून जाणाऱ्या खेपा कमी होत नाहीत. शेतकऱ्यांची यादी एका खेपेत आली, आणि मग प्रत्येक शेतकऱ्याचा लॉट आणायला स्वतंत्र खेप, असा प्रोग्रॅम शहरातल्या कार्यालयात झरझर चालतो. दोनशे शेतकरी, दोनशे एक खेपा, अर्ध्या मिलिसेकंदाच्या. डोळ्याचं पातं लवायच्या आत. तोच प्रोग्रॅम गावातल्या सेवा केंद्रावर उघडला की खेप ४० ची, गर्दीच्या वेळी १०० ची. वीस सेकंद पडद्यावर चक्र फिरतं. समोर माणूस उभा असतो, उन्हातून आलेला, हातात कागदांची पिशवी. केंद्रावरचा मुलगा म्हणतो, सर्व्हर स्लो आहे. माणूस बाकावर बसतो. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, पीककर्जाच्या आणि बियाण्याच्या धावपळीत, गावोगावच्या खिडक्यांवर हे वाक्य किती वेळा बोललं जातं हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको. सर्व्हर पुष्कळदा स्लो नसतोच. तो आपलं उत्तर केव्हाच देऊन मोकळा झालेला असतो आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत असतो. वेळ जातो तो वाटेवर, आणि वाट किती वेळा चालायची हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ठरवलेलं असतं.

लिहिणारा वाईट नसतो. त्याच्या टेबलावरून ही वाट दिसत नाही. ती दिसावी म्हणून काय करता येईल, यावर आमच्या टीममध्ये मी बरंच बोलले. चाचणीच्या यंत्रावर मुद्दाम उशीर घालता येतो. लिनक्सवर एका आज्ञेनं प्रत्येक खेपेला १०० मिलिसेकंद थांबवता येतं. शहरात बसूनही मग गाव दिसतं. ऑरॅकल प्रत्येक सेशनच्या खेपा स्वतः मोजून ठेवतो, तो आकडा विचारला की मिळतो. आधी हे जास्तीचं काम वाटलं सगळ्यांना. मग एका मुलीनं लॉटच्या यादीची स्क्रीन १०० मिलिसेकंदांच्या उशिरानं उघडली आणि चक्र फिरताना घड्याळाकडे बघत बसली. दुसऱ्या दिवशी तिनं ती स्क्रीन चार खेपांत बसवून आणली.

आता नियम झाला आहे. नवी स्क्रीन तयार झाली की ती उशीर घालून उघडायची आणि खेपा लिहून ठेवायच्या. वीसच्या वर गेल्या तर स्क्रीन लिहिणाऱ्याकडे परत. यातून पास झालेल्या स्क्रीन शेवटी माझ्याकडे येतात, आणि मी त्या दुपारी चारच्या सुमारास उघडते, कारण धाडला त्या वेळी लाइन सगळ्यांत जड असते.